सुईण प्रशिक्षण : धोरण, प्रयोग आणि विस्मरण – एक चिकित्सा (विशेष संदर्भ : पूर्व विदर्भ)

गोषवारा

ग्रामीण भागातील प्रसूतीची जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणाऱ्या सुईणीला प्रशिक्षण दिल्यास माता आणि नवजात यांचे मृत्यू कमी होतील, या गृहीतकावर भारतात अनेक दशके शासकीय योजना राबविण्यात आल्या. पुढे हे गृहीतक चुकीचे ठरविण्यात आले आणि सुईण आरोग्यव्यवस्थेच्या बाहेर गेली. प्रस्तुत लेखात दाई प्रशिक्षण योजनेच्या तरतुदी, गडचिरोली येथील ‘सर्च’ संस्थेचे प्रयोग आणि २००५ नंतरचे धोरण यांची चिकित्सा केली आहे. सुईणीचे प्रशिक्षण अपयशी ठरले हे विधान अर्धेच खरे आहे. प्रशिक्षणामागे साधन, सोबत आणि पुढील उपचार यांची साखळी उभी केली गेली की नाही, यावर त्याचे यशापयश अवलंबून होते, असे येथे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : सुईण, दाई प्रशिक्षण, नवजात मृत्युदर, घरोघरी नवजात बालसेवा, आशा, पूर्व विदर्भ

प्रस्तावना

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यात, वैनगंगेच्या खोऱ्यात करडी हे गाव आहे. भातशेतीवर जगणाऱ्या या परिसरात आज प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, गावोगावी आशा स्वयंसेविका आहेत आणि प्रसूती म्हटली की दवाखाना हे समीकरण रूढ झाले आहे. एका पिढीपूर्वी हे चित्र असे नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १९९८-९९ मध्ये महाराष्ट्रात संस्थात्मक प्रसूतीचे प्रमाण ५२.६ टक्के होते. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ते ९४.७ टक्क्यांवर पोहोचले. याचा अर्थ असा की, आज तिशी-चाळिशीत असलेल्या ग्रामीण महाराष्ट्रातील फार मोठ्या वर्गाचा जन्म घरीच झाला आहे. प्रस्तुत लेखिकाही याच जिल्ह्यातील एका खेड्यात, घरी, सुईणीच्या हातून जन्मलेल्यांपैकी एक आहे.

जन्मनोंदणीच्या शासकीय अहवालात प्रसूतीच्या वेळी मदत कोणत्या प्रकारची होती, असा एक रकाना असतो. शासकीय संस्था, खासगी संस्था, डॉक्टर अथवा प्रशिक्षित प्रसाविका, पारंपरिक दाई, नातेवाईक व इतर असे त्यात पर्याय असतात. सुईणीची नोंद तेथे प्रकार म्हणून होते, व्यक्ती म्हणून होत नाही. सुईणीविषयीच्या संपूर्ण धोरणाची हीच रीत राहिली, असे या विषयाचा अभ्यास करताना लक्षात येते. तिला वर्ग म्हणून प्रशिक्षण दिले गेले, वर्ग म्हणून तिचे मूल्यमापन झाले आणि वर्ग म्हणूनच ती बाद झाली. या प्रक्रियेची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. घरच्या प्रसूतीकडे परत जावे असे सुचविण्याचा येथे मुळीच हेतू नाही, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक वाटते.

सुईणीचे सामाजिक स्थान

सुईणीपासून पोट लपत नाही, अशा अर्थाची म्हण मराठीत आहे. गावातील स्त्रीजीवनाचे सर्वांत खासगी ज्ञान जिच्याजवळ होते, त्या स्त्रीविषयीचा विश्वास आणि धाक दोन्ही या म्हणीत आहेत. तथापि हे ज्ञान बाळगणाऱ्या स्त्रीचे सामाजिक स्थान मात्र खालचे होते. महाराष्ट्राच्या अनेक भागांत हे काम मांग, महार आदी अस्पृश्य मानलेल्या जातींतील स्त्रियांकडे होते. रक्त, वार आणि नाळ यांना हात लावणे हे विटाळाचे काम समजले जाई आणि म्हणूनच ते त्यांच्याकडे सोपविले जाई. बाळंतिणीच्या खोलीत ज्या हातांवाचून चालत नसे, त्याच हातांना एरवी पाणवठ्यावर मज्जाव होता. मोबदला धान्य, लुगडे-चोळी, नारळ अशा स्वरूपात आणि तोही घरच्यांच्या मर्जीने मिळे.

सुईणीच्या रीतींचे सरसकट गौरवीकरण करणे इतिहासाला धरून होणार नाही. विळ्याने अथवा जुन्या ब्लेडने नाळ कापणे, तिच्यावर राख वा शेण लावणे, चिकाचे दूध काढून टाकणे, अडलेल्या बाळंतिणीचे पोट दाबणे या प्रथांनी असंख्य बळी घेतले. परंतु सर्वच रीती त्याज्य होत्या असेही नाही. बाळंतिणीला उकिडवे बसू देणे, बाळ उबेत ठेवणे, वेणा सुरू झाल्यापासून तिच्याजवळून न हलणे या गोष्टी आधुनिक प्रसूतिशास्त्रालाही मान्य आहेत. अनेक भागांत वार पडेपर्यंत नाळ न कापण्याची प्रथा होती. दवाखान्यात दीर्घकाळ याच्या उलट, तत्काळ नाळ कापण्याची पद्धत चालत आली. आज जागतिक आरोग्य संघटना किमान एक मिनिट थांबून नाळ बांधावी, अशी शिफारस करते. प्रशिक्षणाची रचना करताना सुईणीच्या ज्ञानातील काय टाकावे आणि काय ठेवावे, याची निवड होणे अपेक्षित होते. प्रत्यक्षात काय घडले, हे पाहण्यासाठी योजनेच्या तरतुदींकडे वळावे लागते.

शासकीय प्रशिक्षण : तरतुदींचे वाचन

देशी दाईंना शिकविण्याचा विचार नवा नाही. १९०३ मध्ये लेडी कर्झन यांच्या पुढाकाराने व्हिक्टोरिया मेमोरियल स्कॉलरशिप फंड स्थापन झाला, तो याच उद्देशाने. १९४६ च्या भोर समितीनेही पुरेशा प्रसाविका तयार होईपर्यंतची सोय म्हणून दाईंच्या प्रशिक्षणाचा मार्ग स्वीकारला. १९७७ नंतर ग्रामीण आरोग्य योजनेत या कामाला देशव्यापी स्वरूप आले व दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित दाई असे उद्दिष्ट ठेवले गेले. या तिन्ही टप्प्यांना जोडणारे सूत्र एकच दिसते. सुईण ही कायम ‘तोपर्यंतची’ व्यवस्था मानली गेली.

योजनेच्या तरतुदी मुळातून वाचण्यासारख्या आहेत. प्रशिक्षणाचा कालावधी तीस दिवसांचा होता. आठवड्यातील दोन दिवस प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा उपकेंद्रात शिक्षण आणि उरलेल्या दिवशी आरोग्य सेविकेबरोबर गावात फिरणे, अशी योजना होती. या काळात दाईने देखरेखीखाली किमान दोन प्रसूती करावयाच्या होत्या. विद्यावेतन तीनशे रुपये होते. प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर प्रमाणपत्र व प्रसूतीच्या साहित्याची पेटी मिळे. पुढे उपकेंद्रात वा आरोग्य केंद्रात नोंदविलेल्या प्रत्येक प्रसूतीमागे दहा रुपये आणि प्रत्येक अर्भकाच्या नोंदणीमागे तीन रुपये अशी मानधनाची तरतूद होती.

या तरतुदींतून सुईणीविषयीची शासनाची दृष्टी दिसून येते. जिने आयुष्यात शेकडो बाळंतपणे केली, तिला बहुधा वयाने व अनुभवाने लहान असलेल्या सेविकेच्या देखरेखीखाली दोन प्रसूती करून दाखवाव्या लागत. तिचे आधीचे ज्ञान तपासावे, त्यातील ग्राह्य भागाची नोंद करावी, अशी जागा या रचनेत नव्हती. रात्रभराच्या जागरणाची किंमत दहा रुपये ठरली, तीही नोंदणीच्या अटीवर. पेटीतील ब्लेड, दोरा आणि साबण संपल्यावर ते पुन्हा कोठून येणार, हा प्रश्न कागदावर गौण असला तरी प्रत्यक्षात निर्णायक होता. जातीचा प्रश्न तर विचारातच घेतला गेला नाही. गावात जिचे म्हणणे ऐकले जात नाही, तिने सासूला ‘चिकाचे दूध टाकू नका’ असे सांगावे आणि सासूने ते ऐकावे, अशी अपेक्षा या योजनेत गृहीत होती.

तरीही हे प्रशिक्षण निष्फळ होते असे म्हणता येत नाही. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ ब्लेड, स्वच्छ दोरा आणि नाळेवर काहीही न लावणे या ‘पाच स्वच्छता’ सोप्या होत्या. त्या लक्षात ठेवण्यासाठी अक्षरओळख लागत नव्हती. नवजात धनुर्वाताच्या नियंत्रणात गरोदर मातांच्या लसीकरणाबरोबरच स्वच्छ प्रसूतीचा वाटा सर्वमान्य आहे. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. या यशाचे श्रेय देताना लस आठवते, पण नाळेवर राख न लावण्याचा उपदेश घराघरात ज्यांनी पाळला, त्या सुईणी सहसा आठवत नाहीत.

मातामृत्यू आणि प्रशिक्षणाची मर्यादा

सुईण प्रशिक्षणाच्या टीकाकारांचा मुख्य मुद्दा मातामृत्यूचा आहे आणि तो बिनतोड आहे. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव, गरोदरपणातील झटके, अडलेली प्रसूती आणि जंतुसंसर्ग ही मातामृत्यूची प्रमुख कारणे होत. यांपैकी जंतुसंसर्ग सोडल्यास इतर कारणांवर स्वच्छतेचा उपाय चालत नाही. रक्तस्रावाला औषध व रक्त लागते, झटक्यांना मॅग्नेशियम सल्फेट लागते आणि अडलेल्या प्रसूतीला शस्त्रक्रिया लागते. अतिरक्तस्रावाने काही तासांतच, कित्येकदा त्याहूनही लवकर, मृत्यू ओढवतो. पावसाळ्यात ओढे भरलेले असताना, वाहन नसलेल्या गावातील सर्वांत निष्णात सुईणही येथे हतबल असते. तिला धोक्याची लक्षणे ओळखता आली तरी त्या ओळखीचे पुढे काय करावे, याचे उत्तर तिच्याजवळ नसते.

आंतरराष्ट्रीय धोरणात याच कारणाने बदल झाला. १९९२ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ व संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधी यांनी संयुक्त निवेदनाद्वारे सुईणींच्या प्रशिक्षणाला पाठिंबा दिला होता. १९९९ च्या संयुक्त निवेदनात भर ‘कुशल प्रसूती साहाय्यक’ या संकल्पनेवर आला. २००४ च्या निवेदनाने या संकल्पनेची व्याख्या करताना पारंपरिक सुईणींना, प्रशिक्षित असोत वा नसोत, स्पष्टपणे वगळले. भारतात एप्रिल २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली आणि संस्थात्मक प्रसूती हे धोरणाचे केंद्र बनले. नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रातील मातामृत्यूचे प्रमाण २००४-०६ मध्ये दर लाख जिवंत जन्मांमागे १३० होते, ते २०१८-२० मध्ये ३३ वर आले. या घटीला अनेक कारणे आहेत. त्यांत संस्थात्मक प्रसूतीचा वाटा नाकारता येणार नाही.

येथपर्यंतचा युक्तिवाद मान्य करूनही एक प्रश्न उरतो. मातेच्या मृत्यूबाबत जे सिद्ध झाले, ते नवजाताच्या मृत्यूबाबतही तसेच लागू आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधताना पूर्व विदर्भातच, वैनगंगेच्या खालच्या टप्प्यात, गडचिरोलीकडे जावे लागते.

गडचिरोलीचा प्रयोग : नेमके काय सिद्ध झाले?

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा काही भाग मिळून झाडीपट्टी हा भाषेने व लोकजीवनाने जोडलेला प्रदेश बनतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेचे काम सुरू केले. बालकांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार करण्याच्या त्यांच्या प्रयोगात निरक्षर सुईणींचाही समावेश होता. न्यूमोनिया ओळखण्यासाठी बाळाचे एका मिनिटातील श्वास मोजावे लागतात आणि पन्नास-साठपर्यंतची मोजणी निरक्षर स्त्रीला अवघड जाते. ही अडचण सोडविण्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांची ओळ असलेले साधे उपकरण तयार करण्यात आले. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला, तर न्यूमोनिया समजावयाचा. सुईणींच्या या कामाचे निष्कर्ष १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या उपकरणाचे महत्त्व वैद्यकापुरते मर्यादित नाही. शासकीय योजनेने सुईणीला अभ्यासक्रमात बसविण्याचा प्रयत्न केला. येथे मात्र तिला जेवढे मोजता येते तेथून सुरुवात करून साधन घडविले गेले. शिकणाऱ्याच्या मर्यादेला दोष न देता शिकविणाऱ्याने आपली रीत बदलावी, हे शिक्षणशास्त्राचे तत्त्व प्राध्यापकवर्गाला परिचित आहे. ते आपल्या वर्गखोल्यांत क्वचितच एवढ्या स्पष्टपणे पाहावयास मिळते.

यानंतरचा टप्पा नवजातांचा. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजातांचे घरोघरी जाऊन निरीक्षण करण्यात आले. त्यांपैकी ५४.४ टक्के बाळांना वैद्यकीय उपचारांची गरज होती, पण प्रत्यक्षात अवघ्या २.६ टक्के बाळांना ते मिळाले. त्यानंतर गावातीलच थोडे शिकलेल्या स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार करून घरोघरी नवजात बालसेवा सुरू झाली. डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी २५.५ वर आला, तर तुलनेसाठी घेतलेल्या गावांत तो ५९.६ होता. तुलनेने ही घट ६२ टक्के भरते. जंतुसंसर्ग झालेल्या नवजातांतील मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले.

या प्रयोगाचा उल्लेख आपल्याकडे अनेकदा ‘सुईणींना शिकवून बालमृत्यू कमी केले’ अशा सोप्या शब्दांत केला जातो. हे वाचन काटेकोर नाही. नवजात बालसेवेतील मुख्य कार्यकर्ती आरोग्यदूत होती. तीच वजन घेई, तापमान पाही, नोंद ठेवी आणि गरज पडल्यास जेंटामायसिनचे इंजेक्शन देई. सुईण प्रसूती करी आणि आरोग्यदूत तिच्यासोबत हजर राही. म्हणजे येथे सुईणीला बाजूला सारलेले नव्हते आणि तिच्यावर सर्व भारही टाकलेला नव्हता.

या भागीदारीचे मोल २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासातून अधिक स्पष्ट होते. जन्मतः न रडणाऱ्या, गुदमरलेल्या बाळांवर घरी काय उपचार करता येतात, हे त्यात तपासले होते. केवळ प्रशिक्षित सुईणीने तोंडाने श्वास देण्याच्या पद्धतीमुळे अशा मृत्यूंच्या दरात १२ टक्के घट झाली. सुईण आणि आरोग्यदूत अशी जोडी, हाती नळी-मास्क अथवा पिशवी-मास्क हे साधन, अशी व्यवस्था झाल्यावर हा दर केवळ सुईण असण्याच्या काळाच्या तुलनेत ६५ टक्क्यांनी खाली आला. गावे तीच होती आणि सुईणीही त्याच गावच्या होत्या. बदलली ती सोबत आणि हातातील वस्तू. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन मुख्यतः या दोन आकड्यांमधील अंतरावर उभे आहे.

गडचिरोलीच्या प्रयोगावरील आक्षेपांचीही नोंद घेणे योग्य ठरेल. प्रयोगातील व तुलनेची गावे यादृच्छिक पद्धतीने निवडलेली नव्हती. गावातील स्त्रीने नवजाताला इंजेक्शन द्यावे काय, याविषयी वैद्यकीय क्षेत्रात मतभेद होते. नियमित देखरेख आणि संस्थेची निष्ठा शासकीय यंत्रणेत कशी आणणार, ही शंकाही रास्त होती. महाराष्ट्रात सात ठिकाणी ‘अंकुर’ प्रकल्पाद्वारे या पद्धतीची पुनरावृत्ती झाली आणि तेथेही नवजात मृत्यू घटले. त्यामुळे ही शंका बरीच कमी झाली, पूर्णतः संपली असे म्हणता येत नाही. यशाचे श्रेय प्रशिक्षणाला किती आणि देखरेखीला किती, हे वेगळे करणे कठीण आहे. परंतु प्रस्तुत लेखाचा मुद्दा हाच आहे की, ते वेगळे करण्याचा आग्रहच मुळात चुकीचा आहे.

इतर प्रयोगांची साक्ष

अन्य ठिकाणचे अभ्यास हेच सुचवितात. पाकिस्तानातील लारकाना जिल्ह्यात सुईणींना प्रशिक्षण व एकदाच वापरावयाचे प्रसूतीसंच देण्यात आले आणि त्यांना शासकीय आरोग्य सेविकांशी जोडण्यात आले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे प्रसूतीच्या आगेमागे होणारे बालमृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मातामृत्यूतील घट मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाली नाही. झांबियातील अभ्यासात (२०११) सुईणींना बाळाला श्वास देण्याचे, प्रतिजैविकाचे व पुढे पाठविण्याचे शिक्षण आणि साहित्य देण्यात आले. तेथे नवजात मृत्यू ४५ टक्क्यांनी कमी झाले.

याच्या उलट अनुभवही आहे. सहा देशांत झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बेळगाव हे भारतातील केंद्र होते. प्रसूती करणाऱ्या सर्व स्तरांतील व्यक्तींना नवजात काळजीचे प्रशिक्षण देऊनही पहिल्या सात दिवसांतील मृत्यूंत लक्षणीय घट आढळली नाही. मृतजन्मांचे प्रमाण मात्र हजारी २३ वरून १५.९ वर आले. ही घट विचार करावयास लावणारी आहे. पूर्वी जे बाळ न रडल्यामुळे ‘मेलेलेच जन्मले’ असे समजून बाजूला ठेवले जाई, त्यातील काही बाळे जिवंत होती, असा याचा एक संभाव्य अर्थ निघतो. बेळगावसोबत नागपूर हेही केंद्र असलेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुढील अभ्यासात प्रशिक्षण, लोकसहभाग आणि दवाखान्यांची सुधारणा हे तिन्ही उपाय एकत्र योजूनही मृत्यूंत अपेक्षित घट झाली नाही. उपायांची यादी पूर्ण असली तरी प्रत्येक दुवा प्रत्यक्षात घट्ट बसतोच असे नाही, हा त्यातून घ्यावयाचा बोध आहे.

२००५ नंतर : सुईणीच्या कामाची वाटणी

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानंतर सुईणीचे काम अनेकांत विभागले गेले. प्रसूती दवाखान्याकडे गेली आणि गरोदर स्त्रीला तेथवर नेण्याचे काम आशा व रुग्णवाहिकेकडे आले. २०११ पासून घरोघरी नवजात बालसेवेचे कामही आशांकडे सोपविण्यात आले. दवाखान्यात प्रसूती झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी, घरी झाली असल्यास पहिल्या दिवशीची आणखी एक, असे वेळापत्रक ठरले. या कामासाठी अडीचशे रुपयांचा मोबदला निश्चित झाला. गडचिरोलीचा प्रयोग अशा रीतीने देशाच्या धोरणात आला, ही समाधानाची बाब आहे. दोन-तीन दिवसांत दवाखान्यातून घरी परतलेल्या बाळाची काळजी गावातच घ्यावी लागते, हे सत्य या धोरणाने मान्य केले.

परंतु या वाटणीत एक काम कोणाच्याच वाट्याला आले नाही. वेणा सुरू झाल्यापासून बाळ होईपर्यंत स्त्रीजवळ बसून राहणे, तिला धीर देणे, तिची पाठ चोळणे हे काम सुईण करीत असे. दवाखान्याच्या प्रसूतिकक्षात नातेवाइकांना दीर्घकाळ प्रवेश नव्हता. पुढे २०१६ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने प्रसूतीच्या वेळी स्त्रीसोबत एक सोबतीण असावी, अशा सूचना दिल्या. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमात सन्मानपूर्वक प्रसूतिसेवेवर भर देण्यात आला. २०१८ मध्ये प्रसाविका सेवेची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेही प्रसिद्ध झाली. ज्या सोबतीला व्यवस्थेने दाराबाहेर ठेवले, तिची उणीव व्यवस्थेलाच जाणवली, असे या घटनाक्रमाचे वर्णन करता येईल. मात्र या दस्तऐवजांतून मांडली जाणारी सोबतीची कल्पना नवी म्हणून येते. ती जिच्याकडून गेली, तिचा संदर्भ देण्याची गरज वाटत नाही.

नोंदींचा प्रश्नही येथे आठवतो. २००१ मध्ये महाराष्ट्रातील तेरा स्वयंसेवी संस्थांच्या अभ्यासातून ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल पुढे आला. प्रत्यक्षात होणारे बालमृत्यू शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी अधिक आहेत, हे त्याने दाखविले. घरी जन्मून घरीच गेलेल्या बाळाची माहिती गावात सर्वप्रथम सुईणीला असे. तिच्या साक्षीला नोंदीत स्थान देण्याची शासनाने केलेली व्यवस्था म्हणजे जिवंत अर्भकामागे तीन रुपये एवढीच होती.

भंडाऱ्याची घटना आणि निकषाचा प्रश्न

९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशु अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षातील सतरा बाळांपैकी दहा दगावली आणि सात वाचविण्यात आली. करडीसारख्या गावांसाठी हा कक्ष म्हणजे साखळीचा शेवटचा आणि सर्वांत भरवशाचा दुवा होता. कमी वजनाचे, आजारी बाळ येथवर पोहोचले की घरच्यांचा जीव भांड्यात पडे. ज्या कुटुंबांनी शासनाचे सर्व सांगणे ऐकले, त्यांच्याच वाट्याला हे दुःख आले.

या घटनेचा उपयोग संस्थात्मक उपचारांविरुद्ध युक्तिवाद म्हणून करणे अनुचित ठरेल. असे कक्ष नसते तर कितीतरी अधिक बाळे घरीच दगावली असती. नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० मध्ये महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११ होता. त्यात अशा कक्षांचाही वाटा आहे. तथापि या घटनेने एक निकष मात्र आपल्यापुढे ठेवला आहे. सुईणीचे मूल्यमापन करताना जे प्रश्न विचारले गेले, ते प्रत्येक स्तरावर विचारले गेले पाहिजेत. संकटाच्या घटकेला बाळाजवळ कोण आहे? त्याच्या हातात कोणते साधन आहे? आणि त्याने हाक दिली तर ओ देणारे मागे कोण आहे? सुईण या तीनपैकी पहिल्या प्रश्नाला हमखास उतरत असे आणि उरलेल्या दोहोंत कमी पडे, कारण ती दोन उत्तरे तिच्या हाती नव्हतीच. तिच्या अपयशाला ‘अकुशलता’ असे नाव मिळाले. इमारत, यंत्रे आणि पदे असलेल्या संस्थेत हीच साखळी तुटते, तेव्हा आपण त्याला ‘दुर्घटना’ म्हणतो. या दोन शब्दांतील फरक केवळ भाषिक नाही. त्यातून कोणाला वर्ग म्हणून दोषी धरले जाते आणि कोणाला प्रसंगापुरते, हे समजते.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. मातामृत्यू रोखण्यास सुईणीचे प्रशिक्षण अपुरे होते आणि संस्थात्मक प्रसूतीचा आग्रह योग्यच होता. नवजात मृत्यूंच्या संदर्भात मात्र प्रशिक्षित सुईण, साक्षर सोबतीण, साधे साधन आणि नियमित देखरेख यांच्या जोडणीने लक्षणीय यश मिळाले, हे पूर्व विदर्भातच सिद्ध झाले आहे. शासकीय दाई प्रशिक्षणाने यांपैकी केवळ पहिल्या घटकावर, तोही तीस दिवसांपुरता, खर्च केला. जे अपयश नोंदविले गेले ते म्हणूनच सुईणीपेक्षा योजनेचे अधिक होते. आशा स्वयंसेविकेलाही आज प्रशिक्षणे भरपूर आणि मागची साखळी अपुरी, अशा स्थितीत ठेवले गेल्यास तोच इतिहास पुन्हा घडू शकतो.

या संदर्भात महाविद्यालयांनाही काही करता येण्यासारखे आहे. करडी परिसरात व झाडीपट्टीच्या इतर गावांत बाळंतपणे केलेल्या ज्या सुईणी आज हयात असतील, त्या उतारवयात आहेत. समाजशास्त्र, मराठी, गृहअर्थशास्त्र आणि राष्ट्रीय सेवा योजना या विभागांनी एकत्र येऊन त्यांच्या संमतीने त्यांच्या आठवणी, शब्दसंपदा आणि रीती यांची पद्धतशीर नोंद करावी. ही नोंद भक्तिभावाने करू नये. घातक प्रथा घातक म्हणून आणि उपयुक्त रीती उपयुक्त म्हणून लिहाव्यात. जातीमुळे त्यांच्या वाट्याला काय आले, तेही लिहावे. बोलीभाषेच्या अभ्यासकांना तीत वेणा, वार, नाळ, बाळंतीण यांभोवतीचा शब्दसंग्रह मिळेल आणि आरोग्याच्या अभ्यासकांना चुकलेल्या धोरणाची दुसरी बाजू मिळेल.

जन्मनोंदणीच्या अहवालात सुईणीचे नाव लिहिण्याची जागा नव्हती. ती नावे सांगू शकणाऱ्या स्त्रिया अद्याप आपल्या गावांत आहेत, तोवर हे काम हाती घेणे आवश्यक आहे.